दुकानदाराचे वर्ष केव्हा संपते?

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या दुकानदारास "तुमचे वर्ष केव्हा संपते?" असा प्रश्न केला, तर बहुतेक जण आज 31 मार्च हेच उत्तर देतील. कायद्याच्या दृष्टीने ते बिनचूक आहे. परंतु त्याच दुकानदाराच्या वहीचे पूजन दिवाळीत होते, त्याच्या शेतकरी गिऱ्हाइकाचे साल गुढीपाडव्याला फिरते, आणि त्याची उधारी परत येते ती सोयाबीन, तूर किंवा हरभरा मोंढ्यावर आल्यानंतर. म्हणजे एकाच माणसाची तीन-चार वर्षे एकाच वेळी चालू असतात आणि ती निरनिराळ्या दिवशी संपतात. यांपैकी कोणत्या दिवशी थांबून त्याने मागे पाहावे व पुढचे ठरवावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. आमच्या मते लहान धंद्याचे तरणे-बुडणे पुष्कळदा याच प्रश्नाशी निगडित असते.

हा विषय वसंत व्याख्यानमालेत घेण्यास एक औचित्यही आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली पुण्यात ही प्रथा सुरू झाली. रानडे हे अर्थशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. 1892 साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले, की दुसऱ्या देशात बनलेले अर्थशास्त्राचे नियम आपल्या परिस्थितीस जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मोठ्या राष्ट्राबद्दल त्यांनी जे म्हटले, तेच लहान दुकानाबद्दलही म्हणता येते. दुसरीकडे ठरलेले वर्ष आपल्या दुकानास जसेच्या तसे लागू पडते की नाही, हे आपले आपणच तपासले पाहिजे.

एका माणसाची अनेक वर्षे

ही वर्षांची गर्दी मराठवाड्यास नवी नाही. निजामी अमलात सरकारी कारभार फसली सनावर चाले. ते वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्याने सुरू होई. सरकारी कागद उर्दूत, दुकानची वही मोडीत किंवा महाजनी लिपीत, आणि सण-वार शालिवाहन शकाप्रमाणे, असा तिहेरी व्यवहार होता. त्यात चलनही दोन प्रकारचे. राज्याचा रुपया तो 'हाली' आणि इंग्रजी राज्याचा तो 'कलदार'. सर्वसाधारण भाव सात हालीस सहा कलदार. सोलापूर वा मुंबईहून माल आणणाऱ्या व्यापाऱ्यास खरेदी एका रुपयात आणि विक्री दुसऱ्या रुपयात करावी लागे. नफा झाला की तोटा, हे समजण्यासाठी आधी दोन्ही रुपये एका मापात आणणे भाग होते.

सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट संपली. पुढे पन्नाशीच्या दशकात हाली रुपया गेला, 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले आणि शेर-मणांच्या जागी किलो-क्विंटल आले. थोड्या वर्षांत एवढी स्थित्यंतरे या भागातील दुकानदारांनी पचविली, याचे कारण त्यांची हिशेबाची सवय पक्की होती. रोज संध्याकाळी रोजमेळ लिहावयाचा, गल्ला मोजावयाचा, श्रीशिल्लक काढावयाची, आठवड्याने खतावणी करावयाची आणि दिवाळीत जुनी वही मिटून नवी मांडावयाची. वहीपूजन हा नुसता धार्मिक विधी नव्हता. पूजेआधीचे पंधरा दिवस माल मोजणे, येणी-देणी उतरविणे आणि तेरीज जुळविणे यांत जात. पूजा हा त्या कामाचा कळस होता. आज अनेक दुकानांत कळस राहिला आहे, पण खालचे देऊळ दिसत नाही.

कायद्याचे वर्ष

1 एप्रिल ते 31 मार्च हे सरकारी वर्ष आपल्याकडे 1867 पासून चालत आले आहे. तरी आयकरासाठी व्यापाऱ्यास दिवाळीचे वर्ष धरण्याची मोकळीक पुढे शंभरावर वर्षे होती. 1989-90 या आकारणी वर्षापासून ती संपली आणि सर्वांसाठी 31 मार्च हीच अखेर सक्तीची झाली. एकसूत्रीपणासाठी ते योग्यच होते. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की वर्षअखेरीचा हिशेब हे दुकानदाराचे स्वतःचे काम न राहता करसल्लागाराचे काम झाले. मार्चमध्ये पिशवीभर पावत्या त्याच्याकडे पोचविल्या, की आपण मोकळे!

पुढे कायद्याने लहान व्यापाऱ्यास आणखी एक सवलत दिली. वर्षाची विक्री दोन कोटी रुपयांच्या आत असेल, किंवा रोखीचे व्यवहार अगदी थोडे असल्यास तीन कोटींच्या आत असेल, तर विक्रीच्या 8 टक्के, आणि बँकेमार्फत वा मोबाईलवरून आलेल्या रकमेवर 6 टक्के, नफा झाला असे अंदाजाने धरून त्यावर आकारणी करून घेता येते. तपशीलवार वह्या ठेवण्याची सक्ती त्यास नाही. ही सवलत सोयीची आहे यात शंका नाही. परंतु तिचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सरकारने आपला खरा नफा जाणून घेण्याची गरज सोडून दिली आहे. आपणही ती सोडून द्यावी, असे सरकारने म्हटलेले नाही. कायद्याने वहीची माफी दिली, धंद्याने दिलेली नाही.

नफा गेला कोठे?

"विक्री चांगली आहे, पण हातात काही राहत नाही," ही तक्रार दोन्ही जिल्ह्यांतील बाजारपेठांत सर्रास ऐकू येते. ती समजून घेण्यासाठी आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, लातूर जिल्ह्यातील एका बाजारगावी एक किराणा दुकान आहे. पती-पत्नी दोघेही दुकानात उभे राहतात. वर्षाची विक्री 24 लाख रुपये. वर्षारंभी दुकानात 3 लाखांचा माल होता, वर्षभरात 21 लाख 20 हजारांची खरेदी झाली आणि वर्षअखेर 3 लाख 80 हजारांचा माल शिल्लक राहिला. म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी-किंमत 20 लाख 40 हजार झाली आणि ढोबळ नफा 3 लाख 60 हजार. त्यातून दुकानभाडे, वीज, नोकराचा पगार, हमाली-वाहतूक आणि किरकोळ मिळून 2 लाख 4 हजार खर्च वजा जाता निव्वळ नफा 1 लाख 56 हजार उरतो. वहीतील आकडा एवढाच.

आता हा नफा शोधू लागलो, तर तो गल्ल्यात सापडत नाही. गेल्या वर्षी गिऱ्हाइकांकडे 1 लाख 10 हजार येणे होते, यंदा ते 2 लाख झाले. 90 हजार रुपये उधारीत गेले. दुकानातला माल 80 हजारांनी वाढला, तेवढे फळीवर गेले. दोहोंची बेरीज 1 लाख 70 हजार, म्हणजे नफ्याहूनही 14 हजार अधिक. आणि याच वर्षात घरखर्चासाठी दरमहा 15 हजारांप्रमाणे 1 लाख 80 हजारांची उचल झाली आहे! ती कोठून आली? घाऊक व्यापाऱ्याचे देणे 1 लाख 20 हजारांनी वाढले आणि 74 हजारांचे सोनेतारण कर्ज निघाले. 14 हजारांची तूट आणि घराचे 1 लाख 80 हजार, मिळून 1 लाख 94 हजार बरोबर भरून निघाले. हिशेब जुळला. पण तो जुळताना असे दिसले, की हे कुटुंब वर्षभर नफ्यावर जगलेच नाही. ते घाऊक व्यापाऱ्याच्या भांडवलावर आणि घरातल्या दागिन्यांवर जगले.

यापुढचा शोध अधिक कठोर आहे. वाढलेल्या उधारीपैकी किती खरोखर परत येणार? शिल्लक मालापैकी किती माल उंदीर-टोक्यांनी खाल्लेला, मुदत उलटलेला वा कोणी न विचारणारा आहे? समजा, उधारीतील 40 हजार बुडीत आणि मालातील 20 हजार निकामी निघाले, तर नफा 96 हजारांवर येतो. आता त्यास बारा महिन्यांनी आणि दोन माणसांनी भागले, तर प्रत्येकाच्या वाट्यास महिना 4 हजार रुपये येतात. दुकानातील नोकरास यापेक्षा अधिक पगार मिळत असण्याचा संभव आहे. हे समजल्यावर दुकान बंदच करावे असे नव्हे. पण भाव, उधारी आणि घरखर्च यांपैकी काहीतरी बदलले पाहिजे, हे त्या क्षणी कळते. न मोजणाऱ्यास ते सोने सोडविण्याची मुदत टळल्यावर कळते.

हिशेबशास्त्राचा पाया घालणाऱ्या ग्रंथांत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचा ग्रंथ अग्रगण्य मानतात. तो 1494 साली व्हेनिस येथे छापला गेला. व्यापाऱ्याने सर्वांत आधी आपल्याजवळच्या सर्व वस्तूंची आणि येण्या-देण्यांची यादी करावी, असे त्यात सांगितले आहे. आमच्याकडच्या दिवाळीच्या मोजणीतही हेच होते. मोजणी आधी, नफ्याची भाषा मागाहून.

आपली वही केव्हा मिटावी?

मग ही मोजणी कधी करावी? सरकारसाठी 31 मार्चचा माल मांडावाच लागतो. परंतु स्वतःसाठी दिवस निवडताना एक कसोटी लावावी, असे आम्ही सुचवितो: ज्या वेळी माल कमीत कमी आणि वसुली जास्तीत जास्त झालेली असते, तोच आपल्या धंद्याचा खरा वर्षान्त होय. त्या दिवशी येणे कोणते खरे आणि कोणते नावापुरते, हे लपून राहत नाही.

ही कसोटी लावली तर प्रत्येक धंद्याचा दिवस वेगळा निघतो. खेड्यातील किराणा वा कापड दुकानाची वसुली दिवाळीच्या सुमारास सोयाबीनवर आणि पुढे तूर-हरभऱ्यावर होते. नांदेडकडे कापूस आणि हळदही त्यात आली. सालगड्याचे साल पाडव्यास संपते आणि त्याची जुनी बाकी तेव्हाच फिटते किंवा नव्या सालावर चढते. अशा दुकानास पाडवा हा योग्य दिवस आणि सुदैवाने तो 31 मार्चपासून फार दूर नसतो. बी-बियाणे व खतांच्या दुकानाचे वर्ष मात्र मृगापूर्वी सुरू होते. त्याने मे महिन्यातच मागचे पान उलटले पाहिजे.

लातुरात एक निराळाच धंदा गेल्या काही दशकांत वाढला आहे. 'लातूर पॅटर्न'च्या लौकिकामुळे बाहेरगावची हजारो मुले शिकण्यास येतात आणि त्यांच्यावर खानावळी, वसतिगृहे, झेरॉक्सची व वह्या-पुस्तकांची दुकाने चालतात. या मंडळींचे वर्ष शाळा-कॉलेजांबरोबर जूनच्या सुमारास उजाडते आणि परीक्षा संपल्या की मावळते. खानावळवाल्या बाईंनी 31 मार्चला नफा मोजला, तर पुढचे दोन रिकामे महिने त्यात दिसणारच नाहीत. उलट नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी 1708 साली देह ठेवला त्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील दुकानदारांचे वर्ष दसरा, दिवाळी आणि होळीच्या सुमारास येणारा हल्लाबोल या यात्रेकरूंच्या गर्दीवर बेतलेले असते. एका जिल्ह्याचे कोष्टक दुसऱ्यास तर सोडाच, एका गल्लीचे दुसऱ्या गल्लीसही लागू पडत नाही.

येथे वेळ अमावस्येचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मार्गशीर्षातील या अमावस्येला लातूर-धाराशिवकडची बाजारपेठ बंद असते आणि सारे गाव रानात जेवायला जाते. दुकानदारही कोणा ना कोणा शेतकऱ्याचा पाहुणा असतो. भज्जी-आंबिलाच्या त्या जेवणात वसुलीचा शब्द काढणे अर्थातच शोभत नाही. पण डोळे मिटून जेवावे असेही नाही! ज्या पिकावर आपली उधारी उभी आहे ते पीक त्या दिवशी समोर उभे असते. हरभरा दाट आहे की विरळ, ज्वारीस ओल आहे की नाही, यावरून येत्या चार महिन्यांची वसुली अजमावता येते. दुकानात बसून खतावणी कितीही चाळली, तरी हे तीत दिसत नाही.

पुढील वर्षाची आखणी

मागचा हिशेब पुढच्या निर्णयासाठी असतो. लहान दुकानदारास जाडजूड योजना नकोत. तीन निर्णय पुरेत.

पहिला निर्णय घरखर्चाचा. दुकानातून घरी दरमहा किती न्यावयाचे, ते वर्षारंभी पती-पत्नीने बसून ठरवावे आणि ती रक्कम पगार म्हणून एकाच तारखेस न्यावी. पूर्वी गल्ल्यातून उचललेले दहा-वीस रुपये दिसत तरी. आता गिऱ्हाइकाने मोबाईलवरून पाठविलेली रक्कम आणि मुलाची फी एकाच खात्यातून ये-जा करतात. दुकानासाठी बँकेत वेगळे खाते ठेवणे हा यावरचा साधा व बिनखर्ची उपाय आहे.

दुसरा निर्णय उधारीचा. सर्व येण्यांची तीन भागांत वाटणी करावी: या हंगामाचे, मागच्या वर्षाचे आणि त्याहून जुने. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने बाकी लेखी कबूल करून सही दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. 'बाकी कबूल' म्हणून सही घेण्याची वडिलांची पद्धत किती शहाणपणाची होती, हे यावरून ध्यानात येईल. यापुढे एका घरास किती उधार द्यावयाचे याची मर्यादा ठरवावी, आणि ती त्या घराच्या अडचणीचाही विचार करून ठरवावी. दुष्काळात तोंड फिरविणाऱ्या दुकानाकडे सुगीत गिऱ्हाईक परत येत नाही. पण ज्या दुकानाने सर्वांनाच सर्व दिले, ते सुगीपर्यंत टिकत नाही.

दालमिल, मसाला वा शिलाईचे लहान कारखाने चालविणाऱ्यांसाठी येथे एक गोष्ट जोडतो. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत चुकते करावेत, असा 2006 चा कायदा आहे. 2024-25 या आकारणी वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदारास ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखविता येत नाही. व्यापारी म्हणून केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यास हा लाभ नाही. पण उत्पादकाने मार्च उजाडण्यापूर्वीच आपल्या थकलेल्या बिलांची आठवण लेखी द्यावी.

तिसरा निर्णय वाईट वर्षाचा. मराठवाड्यात तो टाळून कोणतीच आखणी पुरी होत नाही. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या धंद्यांचा पाणी हाच कच्चा माल, त्यांना त्या उन्हाळ्यात भांडवल असूनही हात बांधून बसण्याची पाळी आली. पुढे 25 मार्च 2020 रोजी, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. शिकवण्या बंद पडल्या, मुले गावी गेली आणि खानावळींच्या चुली थंडावल्या. कोणत्याही वर्षअखेरीच्या हिशेबातून ही संकटे आधी दिसली नसती. परंतु तीन महिने दुकान बंद राहिले तर भाडे, हप्ते आणि घर यांस किती लागेल, हा आकडा मात्र कोणालाही आधी काढता येतो. वरच्या उदाहरणातील दुकानास महिना 17 हजार खर्च आणि 15 हजार घरचे, म्हणजे तीन महिन्यांस 96 हजार लागतील. हे एका वर्षात साठणार नाहीत. रोज 100 रुपये बाजूला टाकले, तर सुमारे पावणेतीन वर्षांत साठतील. यास 'दुष्काळी खाते' म्हणावे आणि त्यास सुगीत हात लावू नये. रोजची पिग्मी यासाठी सोयीची आहे. मात्र बँकेतील ठेवीस पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतील ठेवीस ते संरक्षण नसते, एवढे पाहून मगच जागा निवडावी.

हे तिन्ही निर्णय एका कागदावर मावतात. तो कागद वहीच्या पहिल्या पानास चिकटवावा. 'शुभ लाभ' लिहिण्याची जागाही तीच आहे. आपल्या पूर्वजांनी लाभाच्या शेजारी शुभ हा शब्द ठेवला. घर विकून, सोने गहाण टाकून आणि गिऱ्हाइकास बुडवून झालेला लाभ त्यांना लाभ वाटत नसे, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. 31 मार्चचा हिशेब सरकारास द्यावा, तो द्यावाच लागतो. पण आपल्या धंद्याचे वर्ष ज्या दिवशी खरोखर संपते, त्या दिवशी दुकानाची फळी अर्धी लावून घ्यावी, घरातील माणसांस जवळ बसवावे आणि माल, येणे, देणे व उचल हे चार आकडे मोठ्याने वाचावेत. नव्या वहीचे पहिले पान त्यानंतरच उघडावे.